मुकी खोली

खोली काही केल्या मुकी होईना.

कारखान्यात असंच बोलत. खोली म्हणजे राहायची खोली नव्हे. पोलादाच्या मोठ्या पेटीत निकेलच्या खास पत्र्याची दुसरी पेटी, आणि दोन्हींच्या मध्ये माणूस अंग चोरून कसाबसा शिरेल एवढी फट. आत एक लाकडी खुर्ची, आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्या छातीसमोर चुंबकत्व मोजणारं यंत्र, त्याची रेघ बाहेरच्या पडद्यावर. माणसाचं हृदय धडधडताना त्यातून चुंबकत्वही बाहेर पडतं, हे पहिल्यांदा ऐकलं की थट्टाच वाटते. पण पडतं, आणि ते इतकं क्षीण असतं की रस्त्यावरचा ट्रक, शेजारची लिफ्ट, भिंतीतली वायर, झालंच तर खुद्द पृथ्वी, या सगळ्यांच्या चुंबकी गोंगाटात कुठल्या कुठे बुडून जातं. तो गोंगाट बाहेरच अडवायचा म्हणून ही पेटीत पेटी. ती नीट जमली की पडद्यावरची रेघ सरळ पडते, आणि मग पत्रे कापणाऱ्यापासून मालकापर्यंत सगळे म्हणतात, मुकी झाली एकदाची.

ही होत नव्हती. ती बांधली होती थोरल्या भावानं आणि तपासत होता धाकटा.

थोरल्याला कारखान्यात शिंपी म्हणत. पोलादाला तो अशी शिवण घालायचा की बोट फिरवलं तरी एक पत्रा कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कळू नये. पत्रे उचलायचं विजेचं टांगतं चुंबकही तो हातांऐवजी छातीनंच रेटून जागेवर आणायचा. हे नाव तो मागच्या कारखान्यातून सोबत घेऊन आला होता. तिथं तेलाच्या टाक्या बनत. उमेदीची सगळी वर्षं टाकीच्या पोटात बसून, तोंडाला फडकं बांधून त्यानं वेल्डिंग केलं, ग्राइंडर फिरवला, आणि त्या धुरावर धाकट्याचं इंजिनिअरिंग पार पडलं. बाप लवकर गेला होता. धाकट्यानं हे कधी नाकारलं नाही. पण रोज उठून आठवावं असंही कुणाला वाटत नसतं. टाक्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं मालकाकडे शब्द टाकला आणि थोरल्याला इथं आणलं. ही त्याची इथली पहिलीच खोली. मालकानं स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "जमली तर शिंपी आपला. नाही जमली तर नातं तुमचं, काम माझं."

कारखान्यात थोरला धाकट्याला 'साहेब' म्हणायचा, तेही डोळा मिचकावून. घराचा उंबरठा ओलांडला की साहेबाचा बारक्या व्हायचा.

या कारखान्याचा एक जुना शिरस्ता होता. खोलीचा शेवटचा जोड ज्यानं मारला, त्यानंच तिच्यात पहिलं बसायचं, आणि खोली मुकी होईपर्यंत दुसऱ्या कुणी बसायचं नाही. दार लावून घ्यायचं, आतून कडी घालायची. कडी बसली की पंखा आपोआप सुरू होई आणि गाळलेली स्वच्छ हवा आत येई, म्हणजे बसणारा गुदमरू नये. स्वतः बांधलेल्या पेटीत स्वतःला कोंडून घ्यायची ज्याची तयारी नाही, त्याच्या कामावर दुसऱ्यानं का भरवसा ठेवावा, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चांगलाच होता. त्यानंच घात केला.

पहिल्या तपासणीला मालक होता आणि ज्या रुग्णालयासाठी खोली होती तिथल्या डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. खोली रिकामी असताना रेघ कशी आखल्यासारखी सरळ. तपासणीचं यंत्र जरा जाड कानाचं असे. हृदय त्याला ऐकू येत नसे, पण बाहेरचा गोंगाट शिरला तर ते बरोबर पकडी. मग शिरस्त्याप्रमाणे थोरला आत गेला. बेल्ट, किल्ल्या, चष्मा, बटणांचा शर्ट, सगळं बाहेर ठेवून, रुग्णालयाचा नाडीचा अंगरखा चढवून. तो बघून कारखान्यातली पोरं हसली. "शिंप्याला दुसऱ्यानं शिवलेलं घालावं लागलं," कुणीतरी म्हणालं.

कडी वाजली, पंखा लागला आणि रेघ हलायला लागली. सावकाश वर जायची, सावकाश खाली यायची, पुन्हा वर. हसणारी पोरं पडद्याभोवती गोळा झाली.

"साहेब, झालं का?" इंटरकॉमवर थोरल्याचा खुशीतला आवाज आला. "इथं बरं वाटतंय हो. बाहेर दोन पावलं टाकली की दम लागतो, इथं लागत नाही. भाड्यानं देणार का?"

 धाकट्यानं त्याला बाहेर बोलावलं. तो आला, कडी निघाली, पंखा थांबला, रेघ पुन्हा सरळ. पुन्हा आत, पुन्हा तेच. अंगरखा बदलून पाहिला, चपला काढून पाहिल्या, डॉक्टरीणबाईंनी दातांत चांदी-बिंदी भरली आहे का तेही विचारलं.

धाकटा पडद्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निदान त्याला तसं वाटलं. रिकाम्या खोलीत पंखा बंद असतो. माणूस असला की पंखा चालतो. म्हणजे पंख्याच्या हवेनं भिंत किंचित फुगते, किंचित बसते, आणि भिंतीतला एखादा जोड त्याबरोबर उघडतो-मिटतो. तिथूनच गोंगाट आत येतो. इतकं सोपं!

"जोड कच्चा आहे," तो म्हणाला. "हवेच्या नळीजवळचा. बाहेरच्या पेटीचा."

"कुणाचा जोड?" मालकानं विचारलं. त्याला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं.

इथं धाकट्यानं जे केलं त्याबद्दल त्याला पुढं स्वतःचं तोंड आरशात बघवेना. तो नरमाईनं बोलू शकला असता. आणखी एक दिवस मागून घेऊ शकला असता. पण डॉक्टरीणबाई बघत होत्या, पोरं बघत होती, आणि भाऊ म्हणून मी कुणाला पाठीशी घालत नाही हे दाखवायची त्याला घाई झाली होती. निःपक्षपातीपणाचीही एक मस्ती असते.

"शिंप्याचा," तो म्हणाला. दादाचा म्हणाला नाही. "कापून पुन्हा करायला लागेल. सगळी उभी शिवण."

थोरला अंगरख्याच्या नाड्या सोडत होता. त्याचा हात थांबला. "साहेब म्हणतात तर असेल," तो म्हणाला. या वेळी त्यानं डोळा मिचकावला नाही.

आता बाहेरच्या पेटीची ती शिवण कापायची तर आतून, म्हणजे त्या फटीत उभं राहूनच हात पोहोचत होता. पाठीला निकेलचा पत्रा, नाकासमोर पोलाद. निकेलच्या पत्र्याला नुसती ठेच लागली तरी तो वाया जातो, म्हणून थोरला पाठीला गोधडी बांधून कुशीनं सरकत आत जायचा, ग्राइंडर छातीशी धरून. तोंडाला लावायचा मुखवटा होता, चांगला नळीवाला. पण तो लावला की मान वळत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं तो काढून बाहेर फेकला आणि आपलं जुनं फडकं बांधलं. धाकट्यानं ते पाहिलं. मुखवटा घाल म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण मग शिवण कापायला दुप्पट वेळ लागला असता आणि रुग्णालयाचा तगादा होता. तो दुसरीकडे बघू लागला.

फटीतून ठिणग्या आणि लोखंडाची तांबूस-काळी धूळ बाहेर यायची, आणि मधूनमधून खोकला. खोकला थांबला की ग्राइंडर, ग्राइंडर थांबला की खोकला. संध्याकाळी थोरला बाहेर आला की फक्त डोळे तेवढे माणसाचे दिसत. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राही आणि पोरांना सांगे, "थांबलोय हां, बसलो नाहीये."

एक दिवस सकाळी धाकटा त्याला घ्यायला घरी गेला तर वहिनी दारातच उभी होती. हातात ओला टॉवेल.

"भाऊजी, यांना आज नेऊ नका."

"का, काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारता? उशी भिंतीला टेकवून बसल्या बसल्या झोपतात. आडवं होता येत नाही. थुंकी बघितलीत का त्यांची? काळी येते."

"धूर जातो वहिनी, फटीत. काम संपलं की बरं होईल."

"ते तर टाक्यांच्या वेळीही म्हणत होते. टाक्या संपल्या, धूर संपला नाही." तिनं टॉवेल पिळला. "तुम्ही तिथले साहेब ना? मग तुम्हीच नका म्हणा ना."

आतून थोरल्याचा आवाज आला, "अगं, त्याला चहा तरी विचार. त्याचा जीव का खातेस?" आणि तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. जिना उतरताना मधल्या वळणावर थांबला, कठड्याला धरून उभा राहिला. "बायकांना काय, खुट्ट झालं की डॉक्टर," तो धापा टाकत म्हणाला. धाकट्यानं मान डोलावली. त्याला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. थोरलाच तक्रार करत नाही म्हटल्यावर त्यानं का करावी?

शिवण पुरी झाली. दुसरी तपासणी झाली. थोरला आत बसला, कडी वाजली, पंखा लागला आणि रेघ हलली. पहिल्यापेक्षा जास्त हलली.

मालकानं आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय उरली नाही," तो म्हणाला. "अंगणही आपलंच. साहेब, सोमवारपासून दुसरा वेल्डर येतोय. शिंपीबुवांना सांगा, त्यांनी आता घरी आराम करावा."

थोरल्यानं ते ऐकलं होतं. दाराशी तो अंगरख्यातच उभा होता. तोंड धुतलेलं असूनही कानामागं काळं राहिलेलं. मालक निघून गेल्यावर तो धाकट्याजवळ आला.

"साहेब, एकदा अजून बघू या. फक्त एकदा. माझा जोड असा कच्चा राहत नाही. आयुष्यात राहिलेला नाही." त्याला वाक्य पुरं करायला मध्ये थांबावं लागलं. "दुसरा वेल्डर आला आणि त्यानं तो कापून बघितला, तर लोकांत काय तोंड दाखवू? टाकीच्या कारखान्यातली माणसं अजून विचारतात मला, कुठं आहेस म्हणून."

ही एकच गोष्ट त्याला हवी होती. नोकरी जाते तर जावो, पण जोड कच्चा होता हे नाव मागं राहू नये. धाकट्याला ते कळलं. "बघू," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी कारखाना रिकामा झाल्यावर ते दोघंच थांबले. थोरला अंगरखा घालायला वाकला आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्याला भिंतीला धरून खाली बसावं लागलं. ओठ निळसर झाले. धाकट्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांनी फिरवला कोण जाणे.

"तू बस इथं, दादा. मी जातो आत. तू पडदा बघ."

"शिरस्ता आहे ना पण..."

"चुलीत गेला शिरस्ता."

धाकट्यानं अंगरखा चढवला, आत जाऊन कडी घातली. पंखा सुरू झाला. खुर्चीत बसून तो वाट बघत राहिला. हवा खरंच चांगली होती. इंटरकॉम बराच वेळ नुसताच खरखरला आणि मग थोरला जवळजवळ ओरडला, "बारक्या! सरळ आहे! अरे, एकदम सरळ! मुकी झाली!"

धाकटा बाहेर धावला. पडद्यावर त्याच्या बसण्याच्या काळातली रेघ मागं उमटलेली होती. आखल्यासारखी. पंखा चालू, माणूस आत, आणि रेघ सरळ.

"मी म्हणत नव्हतो?" थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "या दुसऱ्या जोडानं काम केलं. काल थंड व्हायचा राहिला असेल. थांब, आता शिरस्त्याप्रमाणे मी बसतो. मग सोमवारी मालकासमोर ताठ मानेनं."

तो गेला. कडी वाजली. पंखा लागला. रेघ हलायला लागली.

धाकटा बघत राहिला. वर. खाली. वर. मग मध्येच एक मोठा झटका, वेडावाकडा, आणि त्याच क्षणी इंटरकॉमवर खोकला. झटका आणि खोकला एकदम. धाकटा पडद्याजवळ सरकला.

"हलतेय का?" आतून आवाज आला.

"दादा, जरा श्वास रोखून धर."

"का रे?"

"धर ना."

रेघ वर जाता जाता थांबली. तिथंच उभी राहिली, सरळ, पण मधल्या खुणेपासून दूर. क्षणभरच. थोरल्याला तेवढाही श्वास धरवला नाही. तो सुटला आणि रेघ खाली कोसळली. मग पुन्हा वर, खाली, भराभर, धापांच्या तालावर.

पंखा नव्हता. भिंत नव्हती. जोड नव्हता. वर्षानुवर्षं टाक्यांच्या पोटात गिळलेलं लोखंड थोरल्याच्या छातीत बसलं होतं. पत्रे उचलायचं विजेचं चुंबक तो रोज छातीनंच ढकलायचा. त्यामुळं त्या भुकटीचंही चुंबक झालं होतं. छाती वर आली की रेघ वर, छाती खाली गेली की रेघ खाली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा धाकट्यानं भावालाच घालायला लावला होता, त्या फटीतून, तोंडाला फडकं बांधून. म्हणूनच दुसऱ्या वेळी रेघ जास्त हलली होती.

"माझा पायगुणच वाईट दिसतोय," थोरला आतून म्हणाला. हसण्याचा प्रयत्न करत होता. "तू बसलास की मुकी, मी बसलो की बोलते. बारक्या? बोल की काहीतरी."

धाकटा उठला, दार उघडायला लावलं आणि उंबऱ्यावरच खाली बसला, थोरल्याच्या पायांशी. त्यानं सगळं सांगितलं. लोखंड, धूळ, छाती. थोरला ऐकत होता, मांडीवर हात ठेवून. मध्ये एकदा त्यानं आपल्या छातीकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"म्हणजे जोड?" त्यानं विचारलं.

"बरोबर होता."

"हा दुसरा?"

"दोन्ही. पहिल्या दिवसापासून खोली बरोबरच होती, दादा."

"तो पहिला. जो तू कापायला लावलास, तो."

"हो."

 धाकटा शिवी ऐकायला तयार होता, थप्पड खायला तयार होता. ती मिळाली असती तर बरं झालं असतं.

"तो पहिला फार साफ आला होता," थोरला शेवटी म्हणाला. "या दुसऱ्याच्या वेळी हात थरथरत होता माझा. तू पाहिलं नसशील. खालच्या अंगाला जरा जाडा झालाय." मग त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा, आधी मालकाला फोन कर. जोड बरोबर होता म्हणून सांग. बाकीचं मग."

"दादा, आधी दवाखान्यात..."

"आधी मालकाला."

ऑफिसात जाऊन धाकट्यानं फोन केला. मालकाला पुन्हापुन्हा सांगावं लागलं, आणि कळलं तेव्हा त्यानं फोनवरच टाळी वाजवली. "म्हणजे पास! अहो, मग इतके दिवस कसला घोळ घातलात? चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या दुसऱ्या वेल्डरला येऊ नको म्हणून कळवतो. आणि शिंपीबुवांना म्हणावं, काम एक नंबर." मग जरा थांबून तो म्हणाला, "फक्त पुढच्या तपासणीला त्यांना आत नका बसवू. दुसरं कुणीतरी बसवा."

धाकट्यानं मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशी छाती त्यांनी पूर्वी पाहिली होती. "सोमवारी घेऊन या," त्या म्हणाल्या, "पण खोटी आशा लावत नाही. धूळ आत गेलेली निघत नाही. आणि गेलेला दमही परत येत नाही. त्यांना धुळीपासून लांब ठेवा, एवढंच आता आपल्या हातात आहे." मग त्यांनी विचारलं, "हल्ली कुठं धुळीत काम केलंय का त्यांनी?"

धाकट्यानं हो म्हटलं. कुणी करायला लावलं ते सांगितलं नाही.

तो परत आला तेव्हा खोलीचं दार लागलेलं होतं. थोरल्यानं पुन्हा आतून कडी घातली होती. पंख्याची बारीक घरघर ऐकू येत होती. धाकट्यानं दारावर हात मारायला उचलला आणि खाली घेतला. तो पडद्यासमोर जाऊन बसला.

हीच रेघ थांबावी म्हणून इतके दिवस त्यानं जीव काढला होता, दुसऱ्याचा. आता ती वर जाताना तो तिच्याबरोबर वर जात होता, आणि खाली येऊन क्षणभर रेंगाळली की त्याचा स्वतःचाच श्वास अडकत होता.

"मालकाला सांगितलंस?" इंटरकॉम खरखरला.

"सांगितलं. काम एक नंबर म्हणाले."

"म्हणणारच." खुर्ची करकरली. "मी जरा बसतो रे इथं. घरी जाऊन हिला सांगायचंय. आधी जरा बसतो. हवा चांगली आहे."

"बस, दादा."

बाहेर उन्हं उतरली होती. कापलेल्या पत्र्यांच्या ढिगावर ती तांबूस धूळ अजून तशीच पडून होती. कुणी झाडली नव्हती.

"बारक्या?"

"हां."

"हलतेय का अजून?"

धाकट्यानं डोळे पुसले. नीट बघून मगच त्यानं उत्तर दिलं.

"हलतेय, दादा."

"मग ठीक आहे," थोरला म्हणाला.